मेंदीभोवती हिरवी रेघ

सासूबाईंच्या टाचा घासण्याचं काम माझ्याकडे आलं, त्यात मायेचा भाग थोडा आणि चादरींचा जास्त होता. त्यांच्या टाचांना इतक्या भेगा, की झोपेत पाय हलवला की चादर अडकून टर्रकन फाटायची. त्यांना स्वतःला वाकता येत नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो. त्याला भेगा नकाशावरच्याच जमतात. म्हणून दर रविवारी कोमट पाण्याचा टब, साबण आणि वज्री घेऊन मीच बसते.

अशाच एका रविवारी उजव्या तळपायावर, टाचेच्या जरा पुढं, काळा डाग दिसला. तुरीच्या डाळीएवढा, एका बाजूनं ओघळल्यासारखा. मी घासला. गेला नाही. साबण लावून घासला. तरी नाही.

"बिब्ब्याचा असंल," सासूबाई म्हणाल्या. "मागं भेगांत भरला व्हता ना."

आमच्याकडे भेगांना बिब्बा गरम करून लावतात. भेग भरते, पण काळा डाग बरेच दिवस राहतो. तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण बिब्बा लावला होता टाचेला, आणि हा डाग टाचेला सोडून होता. शिवाय डाग ओळखणं हाच माझा धंदा आहे. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुचाकीचे सुटे भाग आमच्या टेबलावरून पुढं जातात. डाग पुसला की जातो. दोष पुसला की जास्त स्वच्छ दिसतो. हा स्वच्छ दिसायला लागला होता.

नवऱ्याला दाखवला. त्यानं लगेच फोनवर एक अॅप उतरवून घेतलं. डागाचा फोटो काढायचा आणि धोका किती ते बघायचं. खिडकीजवळ फोटो काढला तर अॅप म्हणालं, काळजी नको. ट्यूबलाइटखाली काढला तर म्हणालं, ताबडतोब डॉक्टर गाठा. मग त्यानं सासूबाईंच्या दंडावरचं गोंदण दाखवलं: ताबडतोब. जेवताना ताटातला भाजलेला उडदाचा पापड दाखवला: ताबडतोब.

"पापड तरी खाऊ का नको?" सासूबाईंनी विचारलं.

मी फोन काढून घेतला आणि औरंगपुऱ्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

दवाखाना भांड्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी दिव्याच्या भिंगातून डाग पाहिला आणि त्यांचं बोलणं थांबलं. नवऱ्याला ते थांबणं सहन झालं नाही. "मी जरा खाली जाऊन येतो," म्हणून तो गेला आणि येताना एक झारा घेऊन आला.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "हा डाग मला बरा वाटत नाही. कदाचित काही नसेलही. पण तळपायावरचा असा डाग कधीकधी कॅन्सरचा निघतो. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतो आणि तपासायला पाठवतो."

"नाय," सासूबाई म्हणाल्या.

"दुखणार नाही."

"दुखायचं कोण म्हणायलंय? पायाचं कापायचं नाय."

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांची थोरली बहीण सिल्लोडकडच्या एका खेड्यात होती. शुगरमुळे तिचं आधी बोट कापलं, मग पंजा, मग गुडघ्यापर्यंत पाय. दर वेळी डॉक्टर म्हणाले होते, एवढंच, आता झालं. डॉक्टरांनी शुगरचं वेगळं आणि याचं वेगळं हे पुन्हा पुन्हा समजावलं. सासूबाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर कोपऱ्यात होती. तिथं फुलाफुलाच्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"ते काय हाय?"

"कंप्युटर आहे आजी. कातडीवरच्या डागाचा मोठा करून फोटो काढतो आणि तपासतो. अजून सुरू नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याहून माणूस येणार आहे."

"मग त्यालाच इचारू."

"तो निकाल देत नाही हो. मला नुसती मदत करतो."

"तुमी पोरसवदा," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "दोघं मिळून बघा. त्यानं सांगितलं काप, तर कापा. तोवर नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या कारखान्यातही भाग तपासायला कॅमेरा बसवलाय. पहिल्याच दिवशी पट्ट्यावरून एक पाल गेली आणि त्यानं तिला पास केलं. त्याच दिवशी लेन्सवर धूळ बसली म्हणून पेटीभर चांगला माल बाद केला. पण हे सांगून सासूबाईंचं मन वळणार नव्हतं. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो.

जिना उतरताना मी सहज म्हणाले, "आई, पुढच्या वेळी पाय चांगला करून ठेवा. फोटो काढायचाय." कारखान्यात कॅमेऱ्याखाली ठेवण्याआधी प्रत्येक भाग धुऊन घेतात. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

सासूबाईंच्या डोक्यात फोटो होता. त्यांच्या हिशेबी फोटो ही तयारीनं करायची गोष्ट आहे. आधारकार्डाच्या फोटोला त्या डोक्याला तेल लावून, पावडर लावून, ठेवणीतली इरकल नेसून गेल्या होत्या. त्या फोटोत साडी दिसतही नाही. मतदान कार्डाच्या वेळी शेजारणीचे कानातले मागून आणले होते. हे सगळं मला माहीत असून मी फोटो हा शब्द वापरला.

पुढच्या आठवड्यात मी कंपनीतून थेट घरी येऊन त्यांना रिक्षात बसवलं; नवराही शेजारी बसला. एप्रिल महिना आणि सासूबाईंच्या पायात मोजे. पाय स्वच्छ राहावा म्हणून घातले असतील, असं वाटून मला बरं वाटलं. वर दवाखान्यात पुण्याचा माणूस मशीन लावून देऊन गेला होता आणि डॉक्टर नवा कोरा फेटा बांधलेल्या नवरदेवासारखे उत्साहात होते. सासूबाईंनी टेबलावर पाय सोडले. मी मोजे काढले.

दोन्ही तळपाय मेंदीनं भरलेले होते. बोटांना जाळी, टाचेला वेल, मधोमध मोठी कैरी, कैरीच्या पोटात फूल. रंग असा चढला होता की काळपट दिसावा.

डॉक्टर टेबलाशी वाकले.

"आजी, हे काय?"

"फोटोचं म्हणली ना ही. मागल्या गल्लीतल्या भाभीकडनं काढून घेतली. ती नवऱ्या सजवती."

"आणि डाग कुठाय?"

"फुलाच्या मधी घेतला की तिनं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "दिसत पण नाय आता."

डॉक्टरांनी तरीही तेलाचा थेंब टाकून टॉर्चसारखा तो कॅमेरा फुलावर टेकवला. आलेच आहेत तर बघून घेऊ, असं त्यांना वाटलं असावं. पडद्यावर भलीमोठी पाकळी आली. मग एक हिरवी रेघ उमटली आणि डागाची कड शोधत हळूहळू सरकायला लागली. मशीन डागाची कड, आकार, रंग, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे सगळं मोजतं. हिरवी रेघ फुलाभोवती फिरली, कैरीच्या शेपटाकडे गेली, तिथून वेलीवर चढली आणि पडद्याबाहेर निघून गेली. पडद्याखालची, धोका दाखवणारी पट्टी लालभडक झाली.

"दोन्ही बाजू असमान," डॉक्टर मेलेल्या आवाजात वाचायला लागले. "कड वेडीवाकडी. रंग अनेक. आकार मोजता येत नाही. धोका अतिशय जास्त."

"कैरी कशी उठून दिसायली बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "याचा कागद निघतो का? भाभीला दाखवू."

डॉक्टरांना एक आशा दिसली. "आजी, मशीन लाल झालं. तुम्ही म्हणाला होता, त्यानं सांगितलं तर कापू."

"ते मेंदीला बोललं," सासूबाई म्हणाल्या. "डागाला कुठं बोललं?"

मी कारखान्यात असते तर मीही हेच लिहिलं असतं. मेंदी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फार लांबवू नका. हे जर ते असेल, तर आत उतरायच्या आधी काढायला हवं." नवरा तोवर खालून इडलीपात्र घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो छापील कागद घेऊन भाभींकडे गेले. भाभी माझ्याहून थोड्या मोठ्या, हातातला कोन खाली न ठेवता बोलणाऱ्या. एका मुलीच्या तळहातावर जाळी भरत होत्या. कागदावर काय लिहिलंय ते मी सांगितलं.

"टेढ़ी?" त्यांचा कोन थांबला. "मेरी कैरी कू टेढ़ी बोला? किनार फटी बोला? उसकू बोलो, खुद एक निकाल के बताव!"

"भाभी, ते मशीन मेंदी बघायचं नाही."

"नहीं है तो बीच में कायकू बोलता?"

"कॅन्सर बघायचं आहे."

भाभींनी कोन खाली ठेवला. त्या मुलीचा हात त्यांच्या मांडीवर तसाच अर्धा राहिला. "अम्मा तो बोली, सरकारी फोटू है," त्या म्हणाल्या. "मैंने लौंग का धुआँ भी दी. रंग पक्का आना बोलके." मग कोन परत उचलत म्हणाल्या, "मैंने चढ़ाई, मैंइच उतारूँगी."

मेंदी चढवायची प्रत्येक युक्ती त्यांना येत होती, उतरवायची एकही नाही, कारण असं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. लिंबू आणि सोडा झाला. टूथपेस्ट झाली. मीठ आणि खोबरेल झालं. हाताची मेंदी लवकर जाते, पण तळपायाची कातडी जाड. तिथं ती ठाण मांडून बसते. शेवटी भाभींनाच सुचलं. नव्या नवरीला आठवडाभर गोधड्या तुडवायला देत नाहीत, का, तर पायाची मेंदी जाते. मग उलट करायचं. गोधड्या तुडवायच्या.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळी हकीगत दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "तुडवू द्या. पण डागावर घासू नका. वज्री अजिबात नको."

तर अंगणात मोठा टब मांडला, साबणाच्या पाण्यात गोधडी टाकली आणि सासूबाईंना आत उभं केलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं भाभी. आमच्या घरच्या गोधड्या दोनच. त्या संपल्या, मेंदी होती तशीच. मग भाभींनी गल्लीत निरोप फिरवला. आमच्या गारखेड्यात नळाला पाणी कधी येईल ते वरचा जाणे; पाहुण्यालाही लोक अर्धाच पेला देतात. पण बायका गोधडीसोबत स्वतःच्या पाण्याचे हंडे घेऊन आल्या. एकीनं पडदे आणले. एकीनं दबक्या आवाजात विचारलं, गालिचा चालेल का.

सासूबाईंना दोन दिवसांत अधिकार चढला. टबात उभ्या राहून त्या एकेक गोधडी तपासायच्या.

"ही कोणाची गं? हिच्यात म्हैस बांधली व्हती काय?"

"आजी, पोरं झोपतात तिच्यावर."

"मग पोरं धुऊन आण आधी."

पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसून विहारात गेल्या. वंदनेला बसल्यावर शेजारणीनं पदराआडून विचारलं, या वयात मेंदी, कुणाचं लग्न हाय? सासूबाई म्हणाल्या, "फोटोचं हाय."

रोज संध्याकाळी मी तळपायाचा फोटो काढत होते. तीच फरशी, तोच दिवा, शेजारी मापाला एक रुपयाचं नाणं. कामाची सवय, दुसरं काय. आणि सगळी गल्ली न बोलता एकच गोष्ट धरून बसली होती: मेंदीबरोबर डागही जाईल. बिब्ब्याचाच तर आहे. धुतल्यानं जात असेल तर तो डागच आहे, दोष नाही. मीही तेच धरून बसले होते, माझा धंदा विसरून.

आधी जाळी गेली. मग वेल. मग कैरीचं शेपूट पुसट झालं. पाकळ्या फिक्या झाल्या, केशरी झाल्या, पिवळ्या झाल्या.

एका संध्याकाळी भाभी फोटो बघायला आल्या. मी फोनवर सगळे ओळीनं दाखवले. त्यांनी शेवटचा फोटो बोटांनी मोठा केला.

"फूल गया," त्या हळूच म्हणाल्या. "बीच का नहीं गया."

"काय म्हणायल्या?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"मेंदी उतरली म्हणतात," मी म्हणाले.

"मला डोळे हायत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाय उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला आणि आम्ही कुणी म्हटलं नव्हतं तरी तळवा उजेडाकडे धरला. ज्या बाईला वाकता येत नव्हतं, तिनं महिनाभर गोधड्या तुडवून ती कमाई केली होती.

औरंगपुऱ्याची तिसरी खेप. या वेळी मोजे मी घरीच काढायला लावले आणि दोन्ही पाय तपासून रिक्षात बसवलं. डॉक्टरांनी तेलाचा थेंब टाकला. पडद्यावर डाग आला, नुसता डाग. हिरवी रेघ त्याच्याभोवती गेली, एका जागी अडखळली, परत फिरली. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं. नवरा जिन्याकडे निघाला होता, मी त्याची बाही धरून ठेवली. खालची पट्टी ना हिरवी ना लाल. पिवळी झाली आणि तिच्याखाली इंग्रजीत एक ओळ आली.

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"काय म्हणायलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही म्हणतंय."

"आन्?"

"आन्..." डॉक्टरांनी घसा साफ केला. "त्वचेच्या तज्ज्ञ डॉक्टरला विचारा म्हणतंय."

"म्हंजी कुणाला?"

"मला."

सासूबाईंनी मशीनकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "मग तुमी काय म्हणता?"

"मी पहिल्या दिवशी म्हणालो तेच."

"तवा तुमी एकटेच म्हणत व्हता," सासूबाई म्हणाल्या. "आता त्यानंच तुमच्याकडं धाडलं म्हणल्यावर काय करता? कापा."

डॉक्टरांनी त्याच दिवशी तुकडा काढला. मुगाएवढाच होता. डॉक्टर तो बाटलीत घालत असताना सासूबाईंनी मान वर करून बघितलं आणि त्यांना म्हणाल्या, "एवढंच, आता झालं, असं म्हणू नका." डॉक्टर म्हणाले नाहीत.

म्हणाले नाहीत ते बरं झालं, कारण तो डाग कॅन्सरचाच निघाला. पण वरच्यावर होता, खाली उतरला नव्हता. मोठ्या दवाखान्यात नेऊन आजूबाजूच्या कातडीसकट काढला आणि मांडीची कातडी तिथं लावली. सासूबाई पावसाळाभर खाटेवर होत्या. चालता येत नाही यापेक्षा गल्लीतल्या गोधड्या आता कुणी नीट धूत नाही, याचा त्यांना त्रास जास्त. भूल उतरल्या उतरल्या त्यांनी चादरीखाली हात घालून पाय चाचपला होता, घोट्यापर्यंत, टाचेपर्यंत, मग बांधलेल्या पट्टीपर्यंत. नंतर मला म्हणाल्या, "हाय गं." बहिणीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. उजव्या पायावर मेंदी, बिब्बा, हळद, काहीही लावायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. पुतणीच्या लग्नाला सासूबाईंनी एका डाव्या पायावर मेंदी काढून घेतली. विहारात बायकांनी विचारलं, एकच पाय का? त्यांनी डावा पुढं केला, "ह्यो माझा." मग उजवा, "ह्यो कंपुटरचा."

लग्नानंतर दोनच दिवसांनी तपासणी होती. उजव्या पायाचा फोटो निघाला, पट्टी हिरवी झाली. सासूबाईंनी पडद्याकडे बघितलंही नाही.

"त्याचं राहू द्या. तुमी बघा."

डॉक्टरांनी भिंग घेतलं, वाकले आणि चांगला वेळ घेऊन बघितलं. आजूबाजूची कातडीही बघितली.

"ठीक आहे, आजी."

"मग झालं." त्यांनी उजवा पाय खाली घेतला आणि डावा टेबलावर ठेवला. "आता ह्यो घाला."

"याला काय झालं?"

"काय नाय झालं. भाभीनं या खेपेला फूटपट्टी लावून कैरी काढलीय. सरळ हाय का तेवढं इचारा त्याला. घरी वाट बघायलीय ती."

बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेलाचा थेंब टाकला. हिरवी रेघ कैरीभोवती निघाली, शेपटापाशी गेली, वेलीवर चढली आणि पडद्याबाहेर गेली. पट्टी लालभडक.

परतीच्या रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो होतो, नवऱ्याच्या मांडीवर नवं पातेलं. भाभींना काय सांगायचं यावर क्रांती चौकापासून गारखेड्यापर्यंत चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, खरं सांगावं, मशीनच चुकतं. माझं म्हणणं, विषयच काढू नये. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि घरापाशी रिक्षा थांबायच्या आत, फाटकाशी उभ्या असलेल्या भाभींना ओरडून सांगितलं,

"सरळ हाय म्हणलं गं! लई सरळ!"